सुशीलाच्या नावावर

“म्याडम, सुशीला म्हणजे हीच,” भास्करभाऊ म्हणाले आणि बाकड्यावर बसलेल्या बायकोकडे हनुवटीने खूण केली. माझ्या एका हातात त्यांचं सेवापुस्तक होतं, दुसऱ्या हातात बाईंचं आधार कार्ड. आधारवर नाव होतं यमुना.

मी पाटबंधारे खात्यात क्लार्क. रिटायर होणाऱ्यांच्या पेन्शनचे कागद माझ्या टेबलावरून जातात. भास्करभाऊ अमडापूरकडचे, कालव्याचे चौकीदार. सहा महिन्यांनी रिटायर होणार होते. सेवापुस्तक म्हणजे नोकरीची जन्मपत्रिका. रुजू झाल्यापासूनचा पगार, रजा, घरची माणसं, सगळं त्यात. त्यात बायको सुशीला.

“लग्नात नाव बदललं जी. ताटात तांदूय पसरले अन् म्या अंगठीनं लिवलं.”

“मग आधार?”

“ते तिच्या शाळेच्या दाखल्यावरून निंघालं.”

दुपारची वेळ, पंखा आपला फिरतोय न फिरतोय. त्यांनी थैलीतून कागद काढले. पोस्टाची आरडी, सर्टिफिकेटं, विमा, पीएफचा फॉर्म. प्रत्येकावर नॉमिनी, म्हणजे माणूस गेल्यावर पैसे ज्याला मिळायचे ती व्यक्ती, सुशीला.

“कालव्याच्या भरावावर बसलं ना म्याडम, की पानी हळूहळू जाते. आवाज नाही काही नाही. मंग मले समोर दिसते. दारात बंगई टांगली हाय. मोगरा फुलला हाय. ही आपली बंगईवर बसून झोका घेऊन राह्यली. पैशासाठी कोनाच्या तोंडाकडे पाहाचं काम नाही.”

“आणि तुम्ही कुठं असता?”

“मी नाही दिसत. मी गेलो राहीन तवा.”

इतक्या सहज बोलले, की मला भरूनच आलं. थोडा वेळ मलाही ती बंगई दिसत राहिली. मग मात्र अस्सा राग आला! अरे बाबा, सारी नोकरीभर जिच्यासाठी साठवलं, ती बाई कागदावर नाहीच. उद्या हे गेले, तर पोस्टापासून फॅमिली पेन्शनपर्यंत हिला दारोदार सांगत फिरावं लागणार, की मीच ती.

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, “चालतं हो. पाठवून द्या.”

“आज चालतं साहेब. पुढं तिचे हाल होतील, ते कोण पाहणार?”

“बरं, करा मग काय करायचं ते.”

परत येऊन मी बाईंना विचारलं, “काकू, घरी तुम्हाला सुशीला म्हणतं कोण?”

त्यांनी जरा आठवून पाहिलं. “कोनीच नाही. सासू ‘नवी’ म्हने. पोरं माय म्हंतात.”

“आणि हे?”

“हे? ‘ऐकून राह्यली काय’ म्हंतात.”

घ्या! म्हणजे ते नाव फक्त सेवापुस्तक आणि पोस्टमास्तर वापरत होते.

“मग आता कोणतं ठेवायचं?”

“सुशीलाच—” भास्करभाऊंनी सुरुवात केली.

“तुम्ही थांबा हो. मी त्यांना विचारलंय.”

बाई खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत राहिल्या. “यमुनाच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तांदयात लिवलं तवा मले कोनी इचारलंच नोतं.”

भास्करभाऊंचं तोंड एवढंसं झालं. थैलीचे बंद त्यांनी बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाले, “हाव. तसंच करा.”

मग सुरू झाल्या चकरा. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र. सेवापुस्तकात दुरुस्ती, त्यावर साहेबांची सही. पोस्टात, विम्यात, पीएफमध्ये नॉमिनीचे नवे फॉर्म. दोघं दर वेळी सोबत यायची, ते पुढं, त्या चार पावलं मागं.

पेन्शनचा आदेश आला, तेव्हा मी तो त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या. ते बोट ठेवून वाचू लागले. बाई दाराशी चपला काढत होत्या.

“कुटुंब निवृत्तिवेतन… यमुना…”

“काय जी?” दारातून बाईंनी ओ दिली.

सगळं ऑफिस खो-खो हसलं. भास्करभाऊ कानापर्यंत लाल झाले, पण कागदावरून मान काही वर केली नाही. लग्नानंतर बायकोला त्यांनी नावानं मारलेली ही पहिलीच हाक, आणि तीही सरकारी आदेशातून.

पैसे साठवा, जरूर साठवा. फक्त जिच्यासाठी साठवताय, तिला एकदा तिचं नाव विचारून घ्या. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.