शहाद्याच्या त्या फोटोतली बाई

त्या फोटोतली बाई मी आहे.

चार वर्षांपूर्वी शहाद्यात फिरलेला फोटो. सालसा क्लासचे हेमंत सर, आणि त्यांच्या गालाला गाल लावून उभी असलेली एक बाई. तिची फक्त पाठ दिसते. वेणी आणि हिरवी ओढणी.

हेमंत सर परवा गेले. अटॅक. वय एकेचाळीस.

कालपासून हे टाइप करतेय आणि डिलीट करतेय. मधेच उठून कपड्यांच्या घड्या घालते, परत बसते. मी शाळेत गणित शिकवते. असं लिहायची सवय नाही.

सर सुरतला नोकरीला होते, तिथे सालसा शिकले. परत आल्यावर कापड दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारचा क्लास सुरू केला. आम्ही अकरा जण.
"गरबा येतो ना? मग अर्धं काम झालं," म्हणायचे.

डान्सच्या लोकांत भेटल्यावर गालाला गाल लावतात. ओठ लागत नाहीत, आवाज फक्त हवेत. येताना एकदा, जाताना एकदा. बाई असो, पुरुष असो.

सरांनी क्लासमध्ये हे कधीच केलं नाही. सुरतच्या डान्स पार्टीला आम्हाला नेलं, तेव्हा गाडीत फक्त सांगितलं,
"कोणी गाल पुढे केला तर घाबरू नका. नको असेल तर आधीच हात पुढे करा. समोरच्याला कळतं."

दारातच साठीच्या एक गुजराती बाई. "आवो बेन, आवो!" आणि गालाला गाल.

मी हात पुढे करायचं विसरले.
अनोळखी माणसाला मला बघून इतका आनंद होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी जिना चढून आले, सर दाराशी उभे होते, आणि मी तसंच केलं. मी. स्वतःहून.

सरांचा चष्मा वाकडा झाला. हसले.
"अरे वा, सुरत शहाद्याला पोचलं!"

जिन्यातून कोणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर.

आमच्या घरीही आला. सासूबाईंनी मोबाईल लांब धरून पाहिला.
"कसा जमाना उना माय! हाई बाईले घरदार शे का नई?"

मी भाकरी थापत होते.
म्हणाले, "कोण जाणे."

त्यानंतरच्या रविवारी चार-पाच जण हॉलवर आले. मी तिथेच होते, खिडकीपाशी. वेणी तीच, ओढणी दुसरी.

"मास्तर, कोन शे ती बाई?"

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"तिचं काही नाही. मीच पुढे झालो."

मी बोलले असते तर नोकरी गेली असती का? घरी काय झालं असतं? माहीत नाही. मी बोलले नाही, एवढंच खरं.

हॉलचे शेठजी वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पण मला खाली साड्या विकायच्या असतात."
क्लास बंद.

सरांनी विसरवाडीला हायवेवर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलं. माझं माहेर नवापूर. जाताना एसटी विसरवाडीला थांबते, खिडकीतून दुकान दिसतं. दोनदा त्यांनी हात केला.
मी फोनमध्ये बघत राहिले.

काल पहिल्यांदा तिथे उतरले. दुकानामागे घर. सरांची बायको ओट्यावर बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, त्या फोटोतली..."

"माले माहीत शे. तेसनी त्याच दिवशी सांगेल व्हतं."

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या.

"चार वरीस लोक माले इचारेत, तुन्हा नवरा असा कसा. मी काय सांगू? तुन्हं नाव घेवानं नई, अशी तेसनी शप्पथ घालेल व्हती."

मग म्हणाल्या, "माले सांगीसन काय उपेग? ज्यासनी फोटो धाडा, त्यासले सांग."

म्हणून सांगतेय.

आज सकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने चहा ढवळला. मग विचारलं, "नाव टाकणार?"
"माझ्याच प्रोफाइलवर टाकतेय. नाव असतंच वर."
"आईला आधी सांग."
सांगितलं. सासूबाई तेव्हापासून बोललेल्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे. मीही चार वर्षं बोलले नव्हते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कालपासून सरांच्या फोटोला फुलं वाहिलीत. त्यातल्या काही जणांनी तो दुसरा फोटोही पुढे पाठवला होता. मला नावं माहीत आहेत, लिहीत नाही.

फक्त एवढं करा. तो फोटो ज्या ग्रुपवर टाकला होतात, तिथे हेही टाका.

हेमंत सर पुढे झाले नव्हते. मी झाले होते.

सर, तुम्ही जिवंत असताना हे लिहायला हवं होतं. माफ करा.