सोळा अंश

मोहरीलकाका दगड चाटायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या ऑफिसच्या तळघरात स्टुलावर बसले होते. अंगात करडा कोट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि लिंबाच्या फोडीवरून फिरवावी तशी एका दगडावरून ते शांतपणे जीभ फिरवत होते. पुण्याहून येऊन फ्रँकफर्टच्या त्या खाण-सल्लागार कंपनीत रुजू झाल्याचा तो माझा तिसरा दिवस. साल दोन हजार तीन. वर कुणीतरी सांगितलं होतं, की खाली दगडांच्या कोठारात तुमच्याकडचे एक गृहस्थ आहेत. गृहस्थांनी मान वर न करता तोच दगड माझ्यापुढे धरला आणि मराठीत म्हणाले, "चाट. ओला झाला की दगड खरं बोलते."

मी चाटला नाही. परक्या माणसाचा उष्टा दगड चाटण्याइतकी मी अजून भूवैज्ञानिक झाले नव्हते. पण आठवड्याभरात मीही चाटू लागले. सुक्या दगडावर धुळीचा थर असतो, सगळं एकसारखं भुरकट दिसतं. ओला केला की गारगोटी वेगळी, धातूचा काळा पट्टा वेगळा, सगळं लख्ख उठून दिसतं. त्यासाठी पाणी वापरता आलं असतं, बाटली शेजारीच होती. "पाणी आणायला उठलो तर दगड विचार बदलून टाकते," असं काका म्हणायचे.

वामनराव मोहरील मूळचे भंडाऱ्याचे. तिकडच्या मँगनीजच्या खाणींत उमेदवारी करून ते जर्मनीत शिकायला आले आणि हेल्गाकाकूंशी लग्न करून इथलेच झाले. तीस वर्षं जर्मनीत राहूनही त्यांची बोली वैनगंगेच्या काठावरून हलली नव्हती. काकू मराठी सासूकडून शिकल्या होत्या. सहा फूट उंचीची ती गोरी बाई दार उघडताच "काहून उशीर केला बाप्पा?" असं विचारायची, तेव्हा पहिल्या भेटीत मला हसू आवरेना.

त्यांच्या घरात एक विचित्र गोष्ट होती. बाथरूममध्ये, कमोडवर बसलं की बरोबर समोर दिसेल अशा उंचीवर, एक भूशास्त्रीय नकाशा फ्रेम करून लावलेला होता. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, नेवाडाच्या वाळवंटातला जुना चांदीच्या खाणींचा पट्टा. खाली कोपऱ्यात ठळक छापलं होतं : 'मोजणी व नकाशा : डॉ. क्रेमर'. हे क्रेमर म्हणजे आमचे साहेब, तिसऱ्या मजल्यावर बसणारे. आणि छापलेल्या मुख्य शिरेच्या, म्हणजे खडकातल्या चांदीच्या रेषेच्या, बाजूला तांबड्या पेन्सिलीनं एक दुसरी रेघ ओढलेली होती. दोन्ही एका जुन्या खाणीच्या तोंडापाशी सुरू व्हायच्या आणि उत्तरेकडे जाताना एकमेकींपासून दूर दूर व्हायच्या.

"काका, हा नकाशा इथे का?" मी बाहेर येऊन विचारलं.

"रोज सकाळी साहेबांचं दर्शन झालं पाहिजे न. त्याशिवाय पोट साफ होत नाही."

"आणि ती तांबडी रेघ?"

"ते माझं आहे. छापलेलं साहेबांचं आहे." एवढं बोलून त्यांनी मला बटाट्याची भाजी वाढली. पुढचं हेल्गाकाकूंनी स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता सांगितलं.

ऐंशीच्या दशकात कंपनीनं काकांना त्या वाळवंटात पाठवलं होतं. सात महिने ते एकटे तंबूत राहिले. काकांनी मला नंतर त्या डोंगरांचं वर्णन अनेकदा ऐकवलं. गवताची काडी नाही, झाड नाही, त्यामुळे डोंगराला काही लपवताच येत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी खालून कढत पाणी भेगांतून वर आलं आणि जाताना भेगांच्या भिंतींवर गारगोटी आणि चांदी सोडून गेलं. "आपल्या इथल्या पाण्यानं किटलीत पांढरं जमते न, तसंच," ते म्हणायचे. "फक्त ती किटली लई मोठी होती." अशी एक जाड शीर त्यांनी टेकडीवर पावलापावलानं मोजली. टेकडी संपते तिथे ती शीर वाळू-खडीच्या सपाटीखाली शिरत होती. वरून काही दिसत नव्हतं. पुढे ती कुठे जाते हे टेकडीवरच्या मोजण्यांवरूनच ठरवायचं होतं, आणि खरा माल त्या सपाटीखाली होता, अशी काकांची खात्री होती.

क्रेमर तिथे एकूण तीन दिवस आले. हॉटेल गावात, एसीमध्ये. त्यानंतर काका फ्रँकफर्टला परतले आणि आईचं निधन झाल्याची तार आली म्हणून भंडाऱ्याला गेले. तेराव्याचं सगळं आटोपून महिन्यानं परत येतात तो त्यांच्या टेबलाच्या खणातून मोजणीच्या वह्या गेलेल्या, नकाशा छापून तयार, आणि त्यावर नाव साहेबांचं. काका वर गेले. नावाबद्दल बोलण्याआधी ते म्हणाले, की नकाशात एक मोठी चूक राहिली आहे. साहेब म्हणाले, "आल्झो, हेर मोहरील," म्हणजे असं पाहा, श्रीयुत मोहरील, "छापून झालंय." पुढच्या सोमवारी काकांची बदली तळघरात झाली. सात महिने उन्हात भाजून निघालेल्या माणसाला बिनखिडकीच्या खोलीत दगडांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. हे ऐकताना माझ्या हातातला कप मी इतक्या जोरात आपटला, की त्याचा कान तुटला. मी क्षमाशील बाई नाही. माझी आजी म्हणायची, या मुलीच्या पोटात राग मुरांब्यासारखा मुरतो.

काका मात्र कधी ओरडले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरून क्रेमरसाहेबांची चिठ्ठी यायची, की अमुक नमुना वर पाठवा. काका तो नमुना पाठवायचे, पण आधी चाटून. "साहेबांनी हातात घेतला पाहिजे," एवढंच म्हणायचे. बावीस वर्षं हा एवढाच सूड त्यांनी घेतला असेल असं मला वाटायचं. मी चुकत होते.

दोन हजार सहाच्या सुमाराला धातूंचे भाव चढले आणि सगळ्यांना जुनी वाळवंटं आठवली. क्रेमरसाहेबांनी गुंतवणूकदार गोळा केले आणि त्या सपाटीत बोअर घ्यायचं ठरवलं. कुठे घ्यायचे त्या जागा छापील नकाशावरून मी काढायच्या होत्या. काका तोवर निवृत्त झाले होते आणि फुप्फुसांच्या आजारानं अंथरुणाला खिळले होते. नकाशा छापून झाल्यावर मूळ वह्या तळघरात जमा झाल्या होत्या, त्या मी काढल्या. पहिल्याच वहीच्या पहिल्या पानावर, काकांच्या ठसठशीत अक्षरात, मराठीत लिहिलं होतं : 'सर्व दिशा सुईनं दाखवल्या तशा. नकाशा काढताना प्रत्येकीत सोळा अंश मिळवणे.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाही. भंडाऱ्यात आणि फ्रँकफर्टमध्ये फरक इतका थोडा, की त्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्या वाळवंटात मात्र सुई सोळा अंश पूर्वेकडे सरकलेली असायची. क्रेमरनी वह्यांतले आकडे जसेच्या तसे कागदावर उतरवले होते, फ्रँकफर्टच्या सवयीनं. खाणीच्या तोंडापासून किलोमीटरभर पुढे गेलं की छापलेली शीर खऱ्या शिरेच्या पावणेतीनशे मीटर पश्चिमेला पडत होती. बाथरूममधली तांबडी रेघ मला तेव्हा कळली.

मी वही घेऊन काकांकडे गेले.

"पहिल्या आठवड्यात मीही तीच चूक केली होती," काका उशीला टेकून म्हणाले. "तिथला एक म्हातारा खाणवाला हसला. म्हणे, तुझी सुई अजून घरीच राहून राहिली. तेव्हापासून ठरवलं. डोळ्यांनी पाहिलं ते वहीत, डोक्यानं केलं ते वेगळ्या पानावर. सरमिसळ नाही."

"मग आता सांगायचं ना काका क्रेमरना?"

"मी एकदा सांगायला गेलो होतो." त्यांनी दम खाल्ला. "आता त्यानं विचारावं. एकदा म्हणावं, मोहरील, हे काम तुमचं, काय ते सांगा. त्याच मिनिटाला सांगतो. पण तुझी नोकरी आहे पोरी. तुले सांगायचं तर तू सांग. मी रागावणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर गेले. म्हटलं, मूळ मोजण्या हेर मोहरील यांच्या आहेत, बोअर घेण्याआधी त्यांना एकदा विचारूया. क्रेमर चष्म्यावरून हसले. "मोहरील? तो मोजणीची टेप धरायला होता." आठवड्यानं मी पुन्हा विचारलं, या वेळी लेखी. उत्तर आलं, गरज नाही. तेव्हा मी साहेबांच्या नकाशावरून साहेबांना हव्या त्या जागा काढून दिल्या आणि गप्प बसले. हे योग्य होतं असं मी म्हणत नाही. तिसऱ्यांदा जाऊन सांगता आलं असतं, आणि मी मुद्दाम गेले नाही.

सहा बोअर झाले. सहाही कोरडे. खडी, खाली बिनकामाचा दगड, चांदीचा मागमूस नाही. गुंतवणूकदार खवळले, आणि क्रेमरसाहेबांनी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ते मला आजही पाठ आहे : 'नकाशा ज्यावर आधारलेला आहे त्या सर्व मूळ मोजण्या श्री. वामन मोहरील यांनी केल्या होत्या, व अपयशाचं कारण त्या मोजण्यांतील दोष हे आहे.'

मला रडूच आलं. बावीस वर्षांनी त्या माणसाचं नाव कागदावर आलं, ते शिव्या खायला. आपल्या गप्प बसण्याचा घाव फिरून काकांवरच बसला, असं वाटलं. अहवाल दाखवायचा नाही असं ठरवून मी हॉस्पिटलात गेले, पण त्यांनी माझा चेहरा वाचला आणि हात पुढे केला. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग हसायला लागले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, नर्स धावत आली, तरी हसणं थांबेना.

"आलं की नाही नाव?" ते म्हणाले. "सर्व मूळ मोजण्या. सर्व! बाई, मी सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं. आता त्यानं सहीनिशी लिहून दिलं, की वह्या माझ्या. जा आता. पहिलं पान वाच."

गुंतवणूकदारांच्या बैठकीत मी ते पान वाचलं. आधी मराठीत, मोठ्यानं, मुद्दाम सावकाश. कुणाला काही कळलं नाही, पण काकांचं वाक्य त्यांच्याच भाषेत त्या खोलीत एकदा ऐकू जावं अशी माझी इच्छा होती. मग जर्मनमध्ये. मग छापील नकाशावर सोळा अंश फिरवलेली पारदर्शक शीट ठेवली. एक वयस्कर गुंतवणूकदार पुढे वाकून म्हणाला, "आणि नकाशावर नाव कुणाचं आहे?" क्रेमर चष्मा पुसत राहिले. त्यांचं उतरलेलं तोंड मी डोळे भरून पाहिलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

सातवा बोअर तांबड्या रेघेवर घेतला. शीर लागली. बोअरमधून निघालेला दगडाचा दंडगोल ऑफिसात आला तसा त्यातला वीतभर तुकडा मी पर्समध्ये घालून काकांकडे नेला. त्यांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला सारली आणि तो चाटला. पांढऱ्या गारगोटीत काळे बारीक पट्टे चमकले. नर्सनं कपाळाला हात लावला.

"चौदा किलो वजन घटलं माझं त्या उन्हात," ते तुकड्याकडे पाहत म्हणाले. "इथेच होती बेटी."

सुधारलेल्या नकाशाचं काम माझ्याकडे आलं होतं. कच्ची प्रत मी त्यांच्या पांघरुणावर पसरली. कोपऱ्यात फक्त 'मोजणी व नकाशा : वामन मोहरील' असं होतं. काकांनी चष्मा मागितला, निरखून वाचलं आणि मान हलवली.

"साहेबांचं नाव काढलं?"

"काढलं. मुळातच नको होतं."

"असं नाही करायचं. तीन दिवस आले होते न ते? एक दिवस दुपारी मी म्हटलं, साहेब, टेपचं हे टोक जरा धरता का. धरलं त्यांनी. वीस मिनिटं उन्हात उभे होते. ज्यानं जे केलं ते लिहायचं." त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि आपल्या नावाखाली लिहिलं : 'टेप धरली : डॉ. क्रेमर'.

नकाशा तसाच छापला. एक अक्षरही मी कुणाला बदलू दिलं नाही. छापील प्रत काकांनी दोन दिवस उशाशी ठेवली, तिसऱ्या दिवशी ते गेले. हेल्गाकाकूंनी ती बैठकीच्या खोलीत लावली. बाथरूममधली जुनी मात्र काढली नाही. "असू दे," त्या म्हणाल्या, "त्याला सवय होती."

क्रेमरसाहेब निवृत्त होऊन कुठल्याशा तळ्याकाठी राहतात. पत्ता माझ्याकडे आहे. दर नाताळला मी त्यांना त्या नकाशाची एक प्रत पाठवते, गुंडाळी करून, रजिस्टर पोस्टानं. आजवर एकही परत आलेली नाही, म्हणजे दर वर्षी ते सही करून घेत असणार.