कोरडा नट

नाव घेऊनच सांगते, आता कोण रागावणार हाय? आमचं माणूस म्हंजी ग्यानबा. निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, गोरेगाव ते हिंगोली विष्णुपंतांची सर्विस मोटार चालायची. तिचे हे ड्रायव्हर. साखऱ्याच्या शेतकऱ्याचं पोरगं, पण बैलापेक्षा मोटारीत जीव. एका जागी बसणं म्हणून ठाऊक न्हाई. जेवता जेवता उठायचे अन् चाकाचे नट बघून यायचे. इकडं भाकर वाळायची अन् माझं डोकं फिरायचं.

"काहून उठले? चाक काय पळून जाऊन राहिलं?" मी म्हणायची.

"पळू नये म्हणूनच बघतो," म्हणायचे.

हिंगोलीच्या धर्मसिंग मिस्त्रीनं त्यांना शिकवलं होतं. पाना हातानं ओढायचा, त्याच्यावर पाय द्यायचा न्हाई. एक नट आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा. नट कोरडा पायजे, वंगण लागलं की तो सहज फिरतो अन् हाताला जोर कळत न्हाई. हाताला बराबर जोर लागला की थांबायचं, ज्यादा ओढलं तर आतला बोल्ट ताणून तुटतो. हे मला कोण सांगणार? मी बैलगाडीवाल्याची लेक. चाक म्हणलं की वंगण, एवढंच मला माहीत.

खंडेनवमीला त्यांनी चाकं काढून धुतली. नट परातीत ठेवून मला म्हणले, हळदकुंकू लाव. मी लावलं. वरून आपल्या मनानं एकेका नटाच्या आत बोट फिरवून एरंडेलाचं वंगण भरलं. देवाधर्माचा दिवस, चाकानं कुरकुर करू नये, एवढाच माझा इचार. कुंकवाच्या राड्यात त्यांना ते दिसलं न्हाई. आवळताना म्हणले, "आज नट लई गोड फिरून राहिले." मी आपली हरखले.

दसऱ्याच्या सकाळी माझी धाकटी बहीण द्वारका बाळंतपणात अडली. सुईण म्हणली, हिंगोलीला न्या. मोटारीत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पोर घामानं भिजली होती, माझा हात सोडीना. पुसेगावच्या पुढं खालून कट् आवाज आला, मग दुसरा. यांनी मोटार उभी केली अन् खाली उतरले. मागच्या चाकाचे दोन बोल्ट तुटले होते. मी उतरून गेले, तर यांनी एक नट काढला होता अन् बोटाला लागलेल्या एरंडेलाचा वास घेत होते. मग माझ्याकडं बघितलं. मला कालचं परातीतलं माझं बोट आठवलं.

त्यांनी डोक्याचं नवं पागोटं सोडलं. उरलेले नट, बोल्ट पुसून पुसून कोरडे केले अन् हातानं बेतानं आवळले. मग बैलाच्या चालीनं मोटार चालवली. दर कोसाला उतरायचे, पाना लावून बघायचे. मोटारीतली माणसं कावली. द्वारका कण्हून राहिली होती अन् मी मनातल्या मनात कोस मोजून राहिले होते. दवाखान्यात पोचलो, घटकाभरात पोरगी झाली. दोघीबी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत आमच्या दारात आले. "ग्यानबा, बोल्ट कसे तुटले?"

मी दाराआड उभी. मला वाटलं आता माझं नाव निघतंय.

"माझ्याच हातानं ज्यादा आवळल्या गेलं," हे म्हणले.

ज्या माणसानं नटापायी कधी सुखानं घास खाल्ला न्हाई, त्यानं असं म्हणावं! अन् मी मेली दाराआड गप. विष्णुपंतांनी मोटारीची चावी मागून घेतली, ती परत दिली न्हाई.

मग हे साखऱ्याला शेतीवर आले. बैलगाडी हाकली, पण हात सारखे पाना शोधायचे. मला त्यांच्याकडं बघवायचं न्हाई. मी रोज ठरवायची, आज बोलते, अन् रोज राहून जायचं. एरंडेलाचं डबडं मी परसात पुरून टाकलं होतं. एक दिवस गाडीचं चाक कुरकुरलं तर यांनी दुकानातून नवं डबडं आणलं अन् माझ्या हातात दिलं.

"शके, तूच लाव," म्हणले, "याला लागतंय."

उभ्या जन्मात त्या गोष्टीवर एवढंच बोलले.