दादाला जड पडलेली स्प्रिंग

सायकलवाल्यांनो, आज सकाळी मुलुंडला बिल्डिंगखाली दादाची माउंटन बाईक काढली. मोठ्या आजारपणानंतर तो पहिल्यांदाच बसणार होता.

त्याने हँडलवर भार दिला, पण पुढचं सस्पेन्शन दबेचना. आतली स्प्रिंग त्याच्या जुन्या वजनाची आहे. मी वरचा नॉब फिरवून पूर्ण सैल केला, तरी फरक नाही. गेटजवळच्या खड्ड्यात त्याच्या मनगटांना जोरात दणका बसला.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "याहून नरम स्प्रिंग या मॉडेलला येत नाही."

दादा उतरला. म्हणाला, "सायकल बरोबर आहे रे. माझंच वजन राहिलं नाही."

कुणाकडे दुसऱ्या मॉडेलची, यात बसेल अशी नरम स्प्रिंग पडून आहे का?