हँडलच्या बाजूला वळा

एकाच जागी उभं राहून सगळ्यात जास्त प्रवास केलेला माणूस बघायचा असेल, तर लिफ्टवाल्या काकांना बघावं. सात मजली इमारत, जाळीच्या दरवाजाची जुनी लिफ्ट, कोपऱ्यात एक स्टूल आणि डाव्या हाताला पितळी हँडल. एकतीस वर्षं तेच हँडल फिरवून फिरवून काकांच्या तळहाताला घट्टा पडला होता आणि हँडलला काकांच्या बोटांचे खळगे. त्यांच्या आयुष्यात वर होतं, खाली होतं. डावं-उजवं असं काही नव्हतंच, आणि पुढचा सगळा घोळ झाला तो याच्यातूनच.

अशा या माणसाने साठीला दोन वर्षं उरलेली असताना तायक्वांदोच्या वर्गात नाव घातलं. तायक्वांदो म्हणजे कोरियातली लाथा-बुक्क्यांची कला, पण अगदी शिस्तीतली. पांढरा गणवेश, कमरेला पांढरा पट्टा, आजूबाजूला आठ-नऊ वर्षांची पोरं आणि मध्ये काका! त्यांनी पाय उचलला की गुडघा कडकन वाजायचा आणि पोरं वळून बघायची. घरी काकू म्हणायच्या, "या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात. आमच्याकडे गुडघाच बाहेर पाठवलाय, मारामारी शिकायला."

काका हसायचे. खरं कारण काकूंना माहीत होतं, म्हणून तर त्या चेष्टा करायच्या.

कारण होतं मिरची. मिरची म्हणजे नात. जीभ तिखट म्हणून हे नाव. तीन वर्षांपूर्वी मुलाला समुद्रापलीकडे नोकरी लागली, तेव्हा मिरची सहा वर्षांची होती. सुरुवातीला दर रविवारी सकाळी फोन यायचा, तो तासभर चालायचा. शेजारच्या मांजराची शेपटी कशी मोडली, हेच ती वीस मिनिटं सांगायची. मग तिची शाळा तिकडच्या भाषेत, मैत्रिणी तिकडच्या भाषेत, स्वप्नंही बहुधा तिकडचीच. आजोबांच्या वाट्याला तीन शब्द उरले. "हो." "नको." "बरं." काका आठवडाभर प्रश्न जमवून ठेवायचे आणि ते सगळे या तीन शब्दांत चार मिनिटांत संपून जायचे. फोन ठेवल्यावर काका तो काळा पडदा बघत बसायचे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

एका रविवारी मिरची तिकडच्या तायक्वांदोच्या वर्गातून आली ती तशीच गणवेशात फोनसमोर बसली आणि सवयीने पुटपुटायला लागली, "हाना, दुल, सेत, नेत, दासत..."

"हे काय गं? मला शिव्या देतेस का?"

मिरची खो खो हसली. ते हसू काकांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं. "आजोबा, हे आकडे आहेत. एक, दोन, तीन, चार, पाच!"

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. काका दहापर्यंत आकडे शिकले आणि सोमवारी लिफ्टमध्ये मजले पुकारायला लागले. पाचव्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गालाला रुमाल लावलेले एक गृहस्थ लिफ्टमध्ये होते. काकांनी जाळी सरकवून ऐटीत पुकारलं, "दासत आला!"

"आला कुठला हो," ते कण्हत म्हणाले, "गेलाय! तोच दाखवायला निघालोय."

तर असं ते सुरू झालं. पुढे मिरची त्यांना पूमसे शिकवायला लागली. पूमसे म्हणजे ठरलेल्या चालीची कवायत: इकडे वळा, अडवा, ठोसा, तिकडे वळा, अडवा, ठोसा. पहिल्या पूमसेत असे अठरा हात. काका वर्गात जायचे, पण वर्गात पूमसे घ्यायचे गुरुवारी, आणि गुरुवारी काकांची दुपारपाळी. मग पूमसे शिकायची ती रविवारी, मिरचीकडून. फोन कपाटाला टेकवून ठेवायचा, खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि समोर मिरची करेल तसं करायचं. ती जिकडे जाईल तिकडे काका. काकू दारातून म्हणायच्या, "जपून! मागे माझं शिवणयंत्र आहे, ते काही पट्टा बांधून उभं नाही."

मिरचीने अट घातली होती. "आजोबा, परीक्षा द्या आणि पिवळा पट्टा घ्या. मग मी दुसरा पूमसे शिकवीन. नाहीतर तेच तेच किती वेळा करायचं? कंटाळा येतो."

कंटाळा! पूमसे एकूण आठ, असं ती म्हणाली होती. म्हणजे एकेक शिकायला चार-सहा महिने धरले तरी कितीतरी रविवार हातात होते. पण पिवळा पट्टा हुकला, तर पुन्हा हो, नको, बरं.

परीक्षेला तीन आठवडे असताना काकांनी पाळी बदलून घेतली आणि पहिल्यांदाच गुरुवारी वर्गात गेले. शिकवणारी ताई वयाने काकांच्या धाकट्या भाचीएवढी, पण आवाज असा की भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहाव्यात. तिने पुकारलं, "सिजाक!" म्हणजे सुरू करा. सगळी पोरं डावीकडे वळली. काका उजवीकडे. शेजारच्या पोरीचा ठोसा आणि काकांचा ठोसा हवेत भेटता भेटता राहिले.

ताईने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. अठराच्या अठरा हात बिनचूक, आणि सगळे उलटे!

"काका, कुणी शिकवलं तुम्हाला?"

"नातीने. फोनवर."

"समोरासमोर उभं राहून?"

"मग काय पाठीला पाठ लावून?"

ताईला आधी हसू आलं, मग तिने ते गिळलं. "काका, तुम्ही आरशातला पूमसे शिकलाय. तिचा डावा हात म्हणजे तुमचा उजवा झालाय. असं केलं तर परीक्षक पास करणार नाहीत. आता तीन आठवडे नातीबरोबर सराव बंद. एकदा जरी केलात तरी परत उलटं बसेल."

तीन रविवार! काकांना वाटलं, कुणी लिफ्टचा दोरच कापला. पण ऐकलं. मिरचीने विचारलं, "आजोबा, आज नाही करायचं?" "नको गं, परीक्षा झाली की करू." "बरं," ती म्हणाली. मग काकांनी विचारलं, शाळा कशी चाललीय? हो. म्हणजे चांगली? हो. तिसऱ्या रविवारी तर मुलानेच सांगितलं, ती खाली खेळायला गेलीय.

इकडे डावं काही डोक्यात शिरेना. शेवटी ताई एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आली, लिफ्टमध्ये उभी राहिली, काकांचा हात बघितला आणि म्हणाली, "काका! हँडल कुठल्या बाजूला?"

"इकडे."

"झालं तर. सिजाक म्हटलं की हँडलच्या बाजूला वळा."

एकतीस वर्षांत हँडलने इतकं मोठं काम कधी केलं नव्हतं. काका रिकामी लिफ्ट वर नेता नेता जागच्या जागी हँडलकडे वळून अडवायचे, ठोसा मारायचे. तिसऱ्या मजल्यावर जाळी उघडली तेव्हा समोरच्या बाई दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, "मी जिन्याने जाते."

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये चाळीस पोरं आणि एक काका. परीक्षक पिकल्या भुवयांचे, टेबलामागे. काकांची पाळी आली. सिजाक! काका हँडलकडे वळले. बरोबर. नवव्या हातापर्यंत झकास गेलं. तेवढ्यात पलीकडच्या रांगेत एका मुलीने आरोळी ठोकली, हुबेहूब मिरचीसारखी, आणि काका थांबले. हात तसाच हवेत. पुढचं सगळं पुसून गेलं.

परीक्षकांनी बघितलं. "आजोबा, पुन्हा पहिल्यापासून करता?"

"करतो," काका म्हणाले. "पण जरा घाई आहे. तिकडे कंटाळतात लवकर."

परीक्षकांना काय कळलं कोण जाणे. काकांनी पुन्हा सुरुवात केली, तोंडाने पुटपुटत, "हँडल, समोर, हँडल..." अठरावा ठोसा आरोळीसकट पडला. ताईने पिवळा पट्टा बांधला तेव्हा काकांनी दोन वेळा विचारलं, "सुटणार नाही ना?"

रविवारी फोन लावला. "मिरचीला दे." मिरची आली आणि पट्टा बघून किंचाळली. "आजोबा! चला, आधी पहिला करू, मग दुसरा!"

दोघं समोरासमोर उभे राहिले. सिजाक. मिरची एकीकडे गेली, काका दुसरीकडे.

"आजोबा, उलटं!"

"नाही गं, उलटं आधी होतं. आता सुलटं झालंय. आता आपलं जुळायचं तर मला तुझ्या शेजारीच उभं राहायला हवं."

"मग या ना."

काकूंनी शिवणयंत्र थांबवलं. मिरचीनेच डोकं लढवलं. "थांबा, मी तिकडे तोंड करते. तुम्ही माझ्या मागे उभे राहा."

तिने पाठ फिरवली. काकांना तिची पाठ दिसली. वेण्या नव्हत्या. मानेपर्यंत कापलेले केस. कधी कापले, कुणी सांगितलं नव्हतं. डोकं खिडकीच्या कडीच्या वर गेलेलं. आठवड्याच्या आठवड्याला समोरून चेहरा बघत होते, म्हणून पोर एवढी वाढलेली कळलीच नव्हती. ती वळेल तसे काका वळले, अडवलं, ठोसा मारला. दोघं एका बाजूला जात होते, एकामागे एक.

सोळा हात झाले. शेवटचे दोन हात मागे वळून करायचे असतात. समोरासमोर करताना तिथे दोघांचीही पाठ व्हायची, त्यामुळे मिरचीची शेवटची आरोळी काकांनी नेहमी ऐकलीच होती, पाहिली नव्हती. आज मिरची वळली ती थेट फोनकडे. अडवलं, एक पाऊल पुढे, लालबुंद तोंड, पुढचा एक दात नवा अर्धा आलेला, आणि तिने पडदाभर ठोसा मारला, "हाआआ!"

काका वळलेच नव्हते. हात खाली सोडून बघत उभे होते.

"आजोबा, शेवटचे दोन राहिले तुमचे!"

"राहिले खरे," काका म्हणाले. "पुन्हा कर बरं. पुन्हा एकदा कर."