बाबांच्या जंतूचं वर्म

माझी वहिनी प्रयोगशाळेत जंतूंवर काम करते. लग्न ठरताना हे ऐकून आईने एकच चौकशी केली, "घरी आल्यावर हात धुते ना?" धुते. आमच्या घरात तेवढी एकटीच धुते.

कुठल्याच औषधाला दाद न देणारे जंतू घ्यायचे, त्यांचं एकेक जनुक बंद करायचं आणि कशावाचून त्यांचा जीव जातो ते बघायचं, हे तिचं काम. ते वर्म सापडलं की त्यावर नेम धरून नवं औषध शोधता येतं. पण बहुतेक जनुकं बंद पडली तरी जंतू मजेत असतो. ती चपला काढते न काढते तोच बाबा विचारायचे, "मेला का?"

"नाही."

"मग दिवसभर केलंस काय?"

बाबा स्वतः औषधांचे मोठे जाणकार. शिंक आली की दुकानातून अँटिबायोटिक आणायचे, दोन गोळ्या घ्यायचे आणि उरलेल्या पुढच्या शिंकेसाठी जपून ठेवायचे.

"बाबा, अशाने जंतू निर्ढावतात हो," वहिनी कळवळून म्हणाली.

"तू तुझे जंतू सांभाळ. माझे मी बघतो."

त्यांनी बघितले. लघवीचा संसर्ग रक्तात भिनला आणि बाबा अतिदक्षता विभागात पोचले. एकेक औषध हात टेकत गेलं. शेवटी मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून मागे टाकलेलं एक जुनं इंजेक्शन दिलं, तेव्हा ते वाचले. मूत्रपिंडांनी मात्र त्याची किंमत मोजली. वहिनी बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडायची.

बाबा शुद्धीवर आल्यावर तिने त्यांना विचारलं, "तुमचा जंतू प्रयोगशाळेत नेऊ?"

"ने. पण नीट मार."

बाबांसारखाच हट्टी निघाला तो जंतू. बऱ्याच महिन्यांनी एका संध्याकाळी वहिनी चपलांसकट घरात शिरली आणि ओरडली, "मेला!"

"अगं बाई, कोण?" आई आतून धावत आली.

जंतूचं बाहेरचं कवच बांधायला चरबी वाहून नेणारं एक प्रथिन होतं. ते बंद केलं की जंतू खलास. माणसाच्या पेशीत तसलं प्रथिनच नाही, म्हणजे त्यावरचं औषध माणसाला बाधू नये. प्रयोगशाळेच्या साहेबांनी लगेच व्यासपीठावरून सांगितलं की ही कल्पना त्यांना फार पूर्वीच सुचली होती. सुचली असेल, फक्त वहिनीला सांगायची राहिली.

मग औषध कंपनीचा माणूस आला. "सुंदर! रोगी किती दिवसांत बरा होईल?"

"आठवडाभरात."

"आणि नवं औषध डॉक्टर अगदी अडलेल्या रोग्यांसाठीच राखून ठेवणार?"

"ठेवायलाच हवं. नाहीतर तेही निकामी होईल."

"मग विकायचं कुणाला, मॅडम? आयुष्यभर घ्यावं लागेल असं काही नाही का तुमच्याकडे?"

घरी हे ऐकून बाबा भडकले. "म्हणजे मी बरा झालो हीच चूक झाली म्हणायची!"

शेवटी एका विद्यापीठातल्या रसायनवाल्यांनी सरकारी अनुदानावर काम हाती घेतलं. त्यांनी औषध म्हणून बनवलेल्या पहिल्याच रेणूने जंतू झटक्यात मारला, आणि शेजारच्या बशीतल्या माणसाच्या पेशीही. तिसऱ्या दिवशी पांढरा कोट इस्त्री करून वहिनी कामावर गेली. रसायनवाल्यांचा दुसरा रेणू आला होता.