निरोपाची पोच

मिस्त्रींना काही सांगितलं की ते डावा हात कानामागे नेत, तुमचंच वाक्य तुम्हाला परत ऐकवत आणि मग म्हणत, ‘आलं.’

‘मिस्त्री, उद्या आठला लोणीला.’

‘उद्या आठला लोणीला. आलं.’

एका लग्नात यजमान म्हणाले, ‘अजून एक जिलबी घ्या.’ यांनी ‘अजून एक जिलबी. आलं,’ म्हटलं आणि ताटावर हात आडवा धरला. आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसला असता.

नारायणगावात एका मारवाडी शेठच्या पंपांच्या दुकानावर आमचं वर्कशॉप होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी डिप्लोमा करून आलेलो. मिस्त्री मढ गावचे, जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरता भरता इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले.

लोणीला पाणी उपसायचं काम मिळालं. खाली मोटार, वर चढत गेलेल्या पाच टाक्या. प्रत्येक टाकीवर मायक्रोकंट्रोलरचं एक कार्ड आणि एका कार्डाची वायर पुढच्या कार्डाला. ‘मोटार चालू होतेय’ हा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. तो कोणत्या रीतीनं पाठवायचा, म्हणजे प्रोटोकॉल कोणता, यावर आमचं आठवडाभर वाजलं.

माझं म्हणणं, निरोप तीनदा पाठवायचा आणि लगेच मोटार चालू. मिस्त्री हटून बसले. ‘परतेक कार्डानं निरोप परत म्हनायचा. पाची पोचा खाली आल्या, की मगच मोटार.’

‘अहो, दहा सेकंद जातील!’

‘जाऊ द्या की राव. पोच न्हाई, तर निरोप न्हाई.’

शेवटी त्यांचंच झालं. लोणीकर मात्र कुरकुरत. ‘बटन दाबून तंबाखू मळून व्हती, तरी मोटार उठत नाय!’ लाइट येणार मोजके तास, त्यांचं तरी काय चुकलं? मिस्त्री चार दिवस मढला गेले तेव्हा मी गुपचूप पाची चिपांतून पोच काढून टाकली. मोटार झटक्यात चालू. लोक खूश, आणि मी तर काय, हवेतच!

मिस्त्री परत आले, लोणीला जाऊन पाची चिपा काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘धाकटा भाऊ हिरीत केबल जोडत व्हता,’ ते म्हणाले. ‘म्या बांधावरनं स्टार्टरच्या खोपीकडं हाळी दिली, लाइट आली तरी मोटार चालू करू नका. तिकडनं हात हालला. मला वाटलं, ऐकलं. त्यो हात कशापायी हालला, ते मला आजबी ठावं न्हाई. परत म्हनून घ्यायला म्या थांबलो न्हाई राव.’

त्या गेलेल्या भावाची बायको तेव्हापासून मिस्त्रींच्याच घरी होती.

मी त्याच दिवशी पोच परत घातली. लाज वाटली, फार वाटली.

पुढे मिस्त्रींना आजारानं गाठलं आणि ते मढला घरी पडून राहिले. वर्षभरानं लोणीहून फोन आला, ‘मोटार उठत न्हाई. तिसरं कार्ड बोलत नाय.’ मी वैतागतच गेलो. तिसऱ्या टाकीपाशी एक माणूस खांद्यापर्यंत हात पाइपात घालून अडकलेले दगड काढत होता. कार्डाचं बटण त्यानंच बंद केलं होतं.

‘हितलं बंद केलं म्हंजी समदं बंद, न्हाई का?’ तो म्हणाला.

तो पाइपात हात घालून बसलाय याचा खाली कुणालाच पत्ता नव्हता. माझ्या प्रोटोकॉलनं मोटार कधीच चालू झाली असती आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर आलं असतं. मी तिथंच मातीत बसलो.

त्याच दुपारी दोन एसट्या बदलून मढ गाठलं. मिस्त्री खाटेवर डोळे मिटून होते. भावजय चमच्यानं पाणी पाजत होती. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकलो.

‘मिस्त्री, लोणीला पोच आली नाही. मोटार चालू झाली नाही. माणूस वाचला.’

मी थांबलो. गोधडीवर त्यांचा हात जरासा हलला, कानापर्यंत पोचला नाही. ओठही हलले नाहीत.

भावजयीनं चमचा खाली ठेवला. त्यांचा हात उचलून कानामागे नेला, तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत स्वच्छ आवाजात म्हणाली,

‘मानूस वाचला. आलं.’